नव्या-जुन्याचा मधला काळ

पान उघडतं, अर्जाचा फॉर्म दिसतो. एखादा कागद शोधून आणेपर्यंत वेळ जातो, तेच पान पुन्हा उघडावं लागतं, आणि आता फॉर्मच्या जागी रिकामी चौकट आणि ‘हा विभाग सध्या उपलब्ध नाही’ अशी एक ओळ असते. आणखी एकदा रिफ्रेश मारला की फॉर्म परत जागेवर. सेतू केंद्र असो की बँकेची खिडकी, या प्रकाराचं निदान ठरलेलं असतं: सर्व्हर डाऊन आहे. खरं तर सर्व्हर डाऊन असता तर पानच आलं नसतं. हा लपंडाव अनेक कारणांनी होऊ शकतो, पण पोर्टल चालवण्याच्या कामात काही वर्षं काढलेल्या माणसाला पहिला संशय एकच येतो. मागे चार सर्व्हर उभे आहेत, तिघांवर नवा घटक पोचला आहे, चौथ्यावर नाही, आणि लोड बॅलन्सर वाटणी करताना माणसाला कधी इकडे पाठवतो, कधी तिकडे. अनेक यंत्रं मिळून एकच यंत्र असल्यासारखं दिसावं, हा क्लस्टरचा हेतूच असतो. तो भास बाहेरच्यांसाठी असला तरी आत काम करणाऱ्यांनाही तो हळूहळू खरा वाटू लागतो. क्लस्टरवर घटक चढवण्याच्या कामात फाइल पोचवणं हा सोपा भाग आहे, असं माझं मत होत गेलं आहे. नवं आणि जुनं एकाच वेळी चालू असतं तो मधला काळ सांभाळणं, यात खरी कसोटी लागते. तो काळ पुरता टाळता येत नाही, आणि टाळण्याचा अट्टहास अनेकदा महागात पडतो.

पोर्टलच्या बाबतीत हे साध्या संकेतस्थळापेक्षा जास्त बोचतं, कारण पोर्टलचं पान तुकड्यांनी जुळतं. या तुकड्यांना, म्हणजेच घटकांना, जावाच्या जगात पोर्टलेट म्हणतात. २००३ मध्ये जेएसआर १६८ या नावाने त्यांचं पहिलं प्रमाण ठरलं, २००८ मध्ये जेएसआर २८६ ने त्यात भर घातली, आणि लाइफरे किंवा आयबीएमचं वेबस्फिअर पोर्टल यांसारखी उत्पादनं या प्रमाणांना धरून वाढली. बातम्यांची चौकट एका गटाने लिहायची, तक्रारीचा फॉर्म दुसऱ्याने, पगारपत्रकाचा तुकडा तिसऱ्याच कंपनीने. प्रत्येकाने आपापली वॉर फाइल (जावा वेब ॲप्लिकेशनचा गठ्ठा) द्यायची आणि पोर्टलने सगळं जोडून पान दाखवायचं. कल्पना चांगलीच होती. पण कोणत्या पानावर कोणता तुकडा कुठे बसतो हा नकाशा सामाईक डेटाबेसमध्ये राहतो आणि तुकड्याचा कोड मात्र प्रत्येक नोडच्या, म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरच्या, स्वतःच्या डिस्कवर. नकाशा बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो. कोड एकेका नोडवर आपल्या सवडीने येतो. ज्या नोडवर कोड नाही तो नकाशा वाचतो, तुकडा शोधतो, सापडला नाही की दिलगिरीची ओळ छापतो आणि उरलेलं पान निमूटपणे पुरं करतो. लोड बॅलन्सरच्या लेखी त्या नोडचं सगळं ठीक असतं, कारण तो बहुधा मुखपृष्ठ उघडतंय का एवढंच बघतो, आणि मुखपृष्ठ उघडत असतं. साठ घटक आणि सहा नोड असतील तर ‘हा घटक या नोडवर चालू आहे का’ हा प्रश्न तीनशे साठ जागी वेगवेगळा उभा राहतो. नोड जिवंत आहे का, असं विचारणारी तपासणी त्यातल्या एकाचंही उत्तर देत नाही.

माणसाने फाइल एकदाच ठेवावी आणि वाटप यंत्राने करावं, ही सोय जुनी आहे. जेबॉस या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘फार्म’ नावाचं फोल्डर असे. एका नोडवर त्यात फाइल टाकली की ती इतर नोडांकडे आपोआप जाई. २०११ मध्ये आलेल्या जेबॉस सातमध्ये ते गेलं आणि मध्यवर्ती नियंत्रकाने सगळ्यांना हुकूम सोडायची डोमेन पद्धत आली. वेबस्फिअरमध्ये डिप्लॉयमेंट मॅनेजरकडे मूळ प्रत असते आणि प्रत्येक नोडवरचा एजंट ठरावीक अंतराने ती आपल्याकडे उतरवून घेतो. रचना म्हणून हे फार्मपेक्षा कितीतरी बरं. तरी ॲप्लिकेशन यशस्वीपणे बसल्याचा जो संदेश पडद्यावर येतो, तो मूळ प्रतीपुरताच खरा असतो. त्यानंतर ती प्रत नोडवर उतरायची असते, उतरल्यावर गठ्ठा सुटायचा असतो, आणि हे सुटणं संदेश येऊन गेल्यावर मागे चालूच असतं. मोठ्या ॲप्लिकेशनला त्यात चांगला वेळ लागतो. घाईने चालू केलं तर अर्धवट सुटलेलं काहीतरी चालू होतं किंवा काहीच होत नाही. म्हणून तर आयबीएमने स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी ‘ॲप्लिकेशन तयार आहे का’ असं विचारणारी निराळी आज्ञा दिली आहे. बसवणं आणि तयार असणं यांत अंतर असतं हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं, याचा याहून चांगला पुरावा कोणता? पंगतीत वाढून झालं असं वाढप्याने सांगितलं तरी शेवटच्या पानावर काय पडलं ते तिथे जाऊनच कळतं. डिप्लॉयमेंटची हिरवी खूण ही वाढप्याची बातमी असते.

फाइल पोचली, सुटली, तरी नोड एकसारखे झाले असं म्हणता येत नाही. या कामाचं हे सगळ्यात दुर्लक्षित अंग. पोर्टल उत्पादनांनी वर्षानुवर्षं ‘हॉट डिप्लॉय’चं कौतुक सांगितलं: सर्व्हर बंद न करता ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाका, पोर्टल ती उचलेल. त्या फोल्डरवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी डोकावतो. मोठी फाइल नेटवर्कवरून उतरत असतानाच तो डोकावला तर अर्धीच उचलतो आणि झिप फाइल मोडकी असल्याची तक्रार लॉगमध्ये पडते. एका नोडवर फाइल झटकन आली, दुसऱ्यावर रेंगाळत आली, एवढ्याशा फरकाने एक चालतो आणि दुसरा अडतो. म्हणून जाणकार माणसं फाइल आधी शेजारच्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवतात आणि मग त्याच डिस्कवर नाव बदलून आत सरकवतात. नाव बदलणं एका झटक्यात होतं, नक्कल उतरवणं होत नाही. जेबॉस सातने यासाठी खुणेच्या छोट्या फाइली आणल्या: एक म्हणते ‘आता घ्या’, दुसरी ‘घेतलं’, तिसरी ‘जमलं नाही’. दुसरी भानगड याहून खोल आहे. जुना घटक काढून नवा बसवला की जुन्याचे क्लास मेमरीतून जायला हवेत, पण एखादा थ्रेड किंवा डेटाबेस ड्रायव्हर त्यांना धरून बसतो. २०१४ मध्ये जावा आठ येण्यापूर्वी त्यांची पर्मजेन नावाची जागा ठरीव मापाची होती. काही वेळा हॉट डिप्लॉय केलं की ती भरायची आणि पर्मजेन संपल्याचं सांगून नोड झोपायचा. पुढे मेटास्पेस आली, मर्यादा सैल झाली, गळती मात्र राहिली. आज सकाळी रिस्टार्ट झालेला नोड आणि आठवडाभर ज्याच्यावर एकावर एक घटक चढत गेले तो नोड, यांच्या डिस्कवर तंतोतंत त्याच फाइली असतील, पण ते दोन सारखे नोड नाहीत. नोडच्या अवस्थेत त्याचा इतिहासही येतो. यावरून प्रॉडक्शनवर हॉट डिप्लॉय करूच नये, एकेक नोड बाहेर काढून स्वच्छ रिस्टार्ट करावा, या बाजूचा मी आहे. विकासकाच्या लॅपटॉपवर ती सोय वेळ वाचवते. ती तिथेच शोभते.

सगळे नोड सारखे आहेत असं धरून चालण्याची किंमत किती असू शकते, याचं सगळ्यात नीट नोंदलं गेलेलं उदाहरण पोर्टलचं नसून शेअर बाजाराचं आहे. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीची ऑर्डरी पुढे धाडणारी यंत्रणा आठ सर्व्हरांवर चाले. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या एका नव्या योजनेसाठी जुलै २०१२ च्या अखेरीस त्यांनी तिचा नवा कोड टप्प्याटप्प्याने चढवला. सात सर्व्हरांवर तो पोचला, आठव्यावर तंत्रज्ञाकडून राहून गेला. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं पाहिजे असा लेखी नियमही नव्हता. नव्या कोडने एक जुनी खूण नव्या अर्थाने वापरायला घेतली होती. आठव्या सर्व्हरवर तिचा जुना अर्थ शाबूत होता: ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला एक भाग. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या सर्व्हरने ऑर्डरी सोडायला जी सुरुवात केली ती थांबेना. पाऊण तासात १५४ शेअरांमध्ये ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरांच्या वर गेला. बाजार नियामकाने पुढच्या वर्षी १.२ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला. त्या आदेशात दोन तपशील असे आहेत की या व्यवसायातल्या प्रत्येकाने ते वाचावेत. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने पॉवर पेगचं नाव असलेले ९७ ईमेल पाठवले होते, पण ते इशारे म्हणून वाचायची पद्धत नव्हती. आणि गोंधळ चालू असताना उपाय म्हणून उरलेल्या सात सर्व्हरांवरून नवा कोड काढण्यात आला. त्यामुळे आठव्याचा आजार सगळ्यांना जडला.

‘आमच्याकडे चारच तर सर्व्हर आहेत, हाताने टाकलं तरी चालतं’ असं म्हणणाऱ्यांना नाइटचे आठ सर्व्हर दाखवावेत. संख्या लहान असली की नजरेने भागतं असं वाटतं आणि तपासणी नजरेवरच सोपवली जाते. हाताने टाकण्यालाही माझी हरकत नाही. टाकल्यावर प्रत्येक नोडला थेट विचारलं की नाही, एवढाच मुद्दा आहे. विचारायचं ते लोड बॅलन्सरला वगळून, नोडच्या स्वतःच्या पत्त्यावर. प्रत्येक घटकाने आपली आवृत्ती, आपल्या फाइलचा चेकसम, कॉन्फिगरेशनचा चेकसम आणि डेटाबेसची कोणती रचना तो गृहीत धरतो, एवढं एका छोट्या पानावर सांगावं. एका स्क्रिप्टने ती पानं गोळा करून तक्ता छापावा. एका घटकाच्या ओळीत दोन वेगळी मूल्यं दिसली तर काम झालेलं नाही. हे लिहायला फार दिवस लागत नाहीत. यातली खरी मेख नोडांच्या यादीत असते. ती यादी कुणाच्या एक्सेल शीटमधून घेतली तर मागच्या दिवाळीत गर्दीसाठी वाढवलेला आणि नंतर विसरलेला नोड तिच्यात नसतोच, तपासणी मात्र शंभर टक्के उत्तीर्ण होते. यादी लोड बॅलन्सरकडूनच घ्यावी, कारण माणसं कुठे पाठवायची हे शेवटी तोच ठरवतो.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि सगळ्यात सरळ आक्षेप असा, की मधला काळ नकोच असेल तर पोर्टल रात्री बंद करा, सगळ्या नोडांवर टाका, तपासा, उघडा. मला हा आक्षेप आवडतो, कारण त्यात प्रामाणिकपणा आहे. एखाद्या खात्याचं अंतर्गत पोर्टल पंधरा मिनिटं बंद राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि तिथे शून्य डाउनटाइमचा हट्ट धरणं ही बहुतेक वेळा तंत्रज्ञांची हौस असते. पण ही मुभा सगळ्यांना नसते. भरती किंवा प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी रात्रीच गर्दी असते. अमेरिकी ग्राहकांची पोर्टलं सांभाळणाऱ्या हिंजवडी-खराडीतल्या गटांना ठाऊक आहे की तिकडची शनिवारची रात्र म्हणजे इकडची रविवारची सकाळ, आणि जगभर कार्यालयं असलेल्या कंपनीला रात्रच नसते. शिवाय बंद करूनही तपासणी चुकत नाही. उलट ती घड्याळाकडे बघत करावी लागते. आणि एखादा नोड उघडायच्या वेळी उठलाच नाही तर बाकीच्यांवर पोर्टल उघडायचं की सगळंच बंद ठेवायचं, हा प्रश्न पहाटे चार वाजता, सगळ्यात थकलेल्या माणसापुढे येतो.

दुसरा आक्षेप सेशनच्या बाजूने येतो. लोड बॅलन्सर माणसाला एकाच नोडशी बांधून ठेवू शकतो. मग जुन्या नोडवरचा माणूस जुनं बघेल, नव्यावरचा नवं, आणि दोघांची गाठ पडणार नाही. कागदावर हे पटतं. पण ही बांधणी आयपी पत्त्यावरून केली असेल तर एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली सगळी मुलं, किंवा मोबाइल कंपनीच्या एका सामाईक पत्त्यामागचा अख्खा जमाव, एकाच नोडवर कोसळतो आणि बाकीचे नोड मोकळे बसतात. कुकीवरून केली तर नोड बाहेर काढताना त्यावरची सेशन संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि काही माणसं फॉर्म उघडा ठेवून जेवायला जातात. थांबायचं नसेल तर सेशनच्या नकला इतर नोडांवर ठेवाव्या लागतात. टॉमकॅट या जावा सर्व्हरची मुळातली पद्धत प्रत्येक सेशन प्रत्येक नोडला पाठवते, आणि चारएक नोडांपलीकडे ती वापरू नका असं त्याचं स्वतःचं मार्गदर्शनच सांगतं. त्यात मधल्या काळाची खास गोची अशी: नव्या आवृत्तीने सेशनमध्ये ठेवलेली वस्तू जुन्या आवृत्तीला उलगडता येत नाही, कारण त्या क्लासचा घाट बदललेला असतो. अर्ज तीन पानं भरून झालेला आणि चौथ्या पानावर पुन्हा लॉगिन करा, हे अशानेही घडतं. म्हणून सेशनमध्ये फक्त साध्या गोष्टी ठेवाव्यात, क्रमांक, नाव, तारीख. आपले घडवलेले क्लास ठेवू नयेत. टॉमकॅट सातपासून फाइलच्या नावात दोन हॅश चिन्हं आणि आवृत्तीचा आकडा लिहिला की जुनी आणि नवी आवृत्ती एकाच नोडवर शेजारी-शेजारी चालतात. जुनी सेशन जुनीकडे, नवी नवीकडे. मला ही सोय विशेष वाटते, कारण मधला काळ लपवण्याऐवजी ती त्याला रीतसर जागा देते.

बांधून ठेवण्याने न सुटणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच उरतात. पान नव्या नोडने दिलं आणि त्यातली जावास्क्रिप्ट जुन्या नोडकडून आली, तर बटण दिसतं आणि दाबलं तरी काही होत नाही. यावर उपाय सोपा: फाइलच्या नावातच तिच्या मजकुराचा चेकसम घालायचा आणि जुन्या-नव्या दोन्ही फाइली काही काळ सामाईक ठिकाणी ठेवायच्या. ठरावीक वेळी चालणारी कामं प्रत्येक नोडवर जागी झाली तर एकाच अर्जाचे तीन एसएमएस येतात. कॅश रद्द करायचे निरोप नोड एकमेकांना मल्टिकास्टने पाठवत असतील, तर यंत्रणा क्लाउडवर नेल्यावर ते निरोप बहुधा पोचतच नाहीत, आणि प्रत्येक नोड आपापल्या शिळ्या माहितीवर चालत राहतो. तिथे तर डिप्लॉयमेंट नसतानाही मधला काळ चालू असतो. पण या सगळ्यांत डेटाबेस सर्वांत अवघड, कारण तो एकच आहे. नवा घटक उठताना तक्त्याची रचना बदलून घेतो. पहिला नोड उठला की रचना नवी होते आणि बाकीचे नोड जुन्या कोडने तिच्याशी बोलत राहतात. स्तंभाचं नाव बदललं असेल तर उरलेले सगळे त्याच क्षणी पडतात. म्हणून नाव बदलायचंच नाही. आधी नवा स्तंभ जोडायचा, मग दोन्हीकडे लिहिणारा कोड सगळीकडे चढवायचा, जुनी माहिती नव्या स्तंभात नेऊन ठेवायची, वाचन नव्यावर आणायचं, आणि अखेरीस जुना काढायचा. एका बदलाची तीन-चार रिलीजं होतात. व्यवस्थापकाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, आणि त्याला समजावणं हाही या कामाचाच भाग धरावा लागतो.

तिसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा असतो: हे सगळं जुनं झालं, आता कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीज आहे. २०१५ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली आणि त्याने खरोखर मोठं काम केलं, हे मान्य करायलाच हवं. नोडच्या इतिहासाचा प्रश्न त्याने जवळजवळ मिटवला. कंटेनर दुरुस्त करायचा नाही, फेकून नवा आणायचा. हवी ती अवस्था लिहून द्यायची आणि यंत्रणेने ती आणत राहायची, ही त्यामागची धारणा १९९३ पासूनच्या सीएफइंजिनमध्ये दिसते, पण ती घरोघरी नेली कुबरनेटीजने. तरी त्याचं मुळातलं रोलिंग अपडेट काय करतं ते पाहा. पंचवीस टक्क्यांपर्यंत जुने पॉड, म्हणजे कंटेनर चालवणारी एककं, कमी होऊ द्यायचे, पंचवीस टक्क्यांपर्यंत जादा उभे करायचे, आणि हळूहळू अदलाबदल करायची. म्हणजे मधला काळ तिथेही आहे, फक्त तो आता ठरवून दिलेला आहे. तो पॉड गर्दी घ्यायला तयार आहे का, हे सांगणारी तपासणी आपणच लिहायची असते. ती मुखपृष्ठापुरती लिहिली तर तीनशे साठ प्रश्नांचं काय होतं ते वर आलंच आहे. इमेजला ‘लेटेस्ट’ असा सरकता शिक्का लावला तर आज उठलेला पॉड आणि परवा उठलेला पॉड यांत वेगळा कोड असू शकतो. कॉन्फिगरेशन बदललं तर फाइल म्हणून जोडलेलं थोड्या वेळाने पॉडमध्ये उतरतं, पण पर्यावरणातल्या चलांतून दिलेलं पॉड पुन्हा उठेपर्यंत जुनंच राहतं. सेशन, जावास्क्रिप्ट आणि डेटाबेस यांचं सगळं पूर्वीसारखंच. साधन बदललं, ओझं बरंच हलकं झालं, हिशेब मात्र आपल्यालाच ठेवावा लागतो.

चौथा आक्षेप सगळ्यात मोहक आहे. मधला काळ त्रासदायक आहे ना, मग तो शून्यावर आणा. अशी यंत्रणा बांधा की बदल सगळ्या नोडांवर एकाच क्षणी लागेल. हे जमतं, आणि जमल्यावर काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. संकेतस्थळांची रहदारी वाहणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं जाळं जगभरातल्या शेकडो शहरांत पसरलेलं आहे. तिथे नेहमीचा कोड टप्प्याटप्प्याने जात असे, पण हल्ले रोखणारे फायरवॉलचे नियम तातडीचे म्हणून काही सेकंदांत सगळीकडे जात. २ जुलै २०१९ ला अशाच एका नियमातल्या रेग्युलर एक्स्प्रेशनने जगभरच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले आणि २७ मिनिटं असंख्य संकेतस्थळं बंद पडली. प्रत्येक नोड दुसऱ्या नोडशी तंतोतंत जुळत होता. त्यानंतर त्यांनी हे नियमही टप्प्यांनी पाठवायचं ठरवलं. नाइटकडे एक सर्व्हर वेगळा राहिला म्हणून घात झाला आणि इथे एकही वेगळा राहिला नाही म्हणून. या दोन घटना एकमेकींना खोडतात असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. नाइटचा फरक कुणाला ठाऊक नव्हता, आणि क्लाउडफ्लेअरकडे त्या नियमापुरता फरक ठेवायची सोयच नव्हती. माहीत असलेला, मोजलेला, थांबवता येणारा फरक हा क्लस्टरचा सगळ्यात मोठा फायदा आहे. एका नोडवर नवा घटक टाकून तासभर त्याच्या चुकांचं प्रमाण बाकीच्यांशी ताडून बघता येतं; एकच सर्व्हर असणाऱ्याला हे करताच येत नाही. अर्थात त्यासाठी जागा हवी. तीन नोड सत्तर-सत्तर टक्के भरलेले असतील तर एक बाहेर काढल्यावर उरलेल्या दोघांवर एकशे पाच टक्के येतात आणि डिप्लॉयमेंटच पोर्टल पाडते. मोकळी ठेवलेली क्षमता हिशेबतपासनिसाला उधळपट्टी दिसते. तिचा उपयोग काय, तर नवं तपासून बघताना जुन्याला टेकायला जागा.

राहता राहिला रोलबॅक. बहुतेक योजनांच्या शेवटच्या ओळीत ‘अडचण आल्यास मागे जाऊ’ असं लिहिलेलं असतं, आणि ती ओळ वाचून सगळ्यांना बरं वाटतं. मागे जाणं हीही एक डिप्लॉयमेंटच असते. तिलाही मधला काळ असतो, फक्त तो जास्त घाबरलेल्या लोकांच्या हातात असतो. नव्या कोडने तासभरात लिहिलेली माहिती जुन्या कोडला वाचता येते का, नव्या खुणा जुन्याला काय वाटतील, हे आधी करून पाहिलेलं नसेल तर मागे जाणं पुढे जाण्याहून धोक्याचं. ते करून पाहायला यूएटीवर, म्हणजे स्वीकृती-चाचणीच्या यंत्रणेवर, निदान दोन नोड लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी यूएटी एका नोडवर चालतं, कारण परवाना किंवा यंत्र महाग पडतं. क्लस्टरच्या चुका एका नोडवर दिसत नाहीत हे सांगूनही तो दुसरा नोड मंजूर व्हायला बराच पत्रव्यवहार लागतो. आणि सगळं पार पडल्यावर जे शेवटचं काम उरतं, जुना स्तंभ, जुनी खूण, जुना घटक काढून टाकण्याचं, ते जवळजवळ कुणीच वेळापत्रकात लिहीत नाही. पॉवर पेग नऊ वर्षं तसंच पडून राहिलं होतं. माझा आग्रह असा असतो की जुना स्तंभ काढायची तारीख नवा स्तंभ जोडणाऱ्या तिकिटातच लिहावी आणि ती उलटली तर पुढचं रिलीज अडवावं. आग्रह क्वचितच मानला जातो, कारण काढून टाकलेल्या कोडचा डेमो कुणाला दाखवता येत नाही.